बारनिशीचा कारकून

जुन्नर तालुक्याचे आकाशाशी असलेले संबंध हे भूतलावरील कचेऱ्यांशी असलेल्या त्याच्या संबंधांपेक्षा पुष्कळच सुरळीत आहेत, या विधानाला तालुक्यात कोणी हरकत घेईल असे वाटत नाही. १९७१ साली आर्वीला उपग्रह भूकेंद्र उभे राहिले आणि सातासमुद्रापलीकडची टेलिफोनची व टेलेक्सची बोलणी आमच्या उसाच्या शिवारावरून अंतरिक्षात ये-जा करू लागली, पुढे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून खोडदच्या परिसरात प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या उभ्या राहिल्या, आणि अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या, तरीही वाटेत कोठे गहाळ न झालेल्या रेडिओलहरी येथे दाखल होऊ लागल्या. ज्या मुलखात विश्वाच्या दुसऱ्या टोकाचे टपाल इतके बिनबोभाट पोचते, त्याच मुलखात एका टेबलावरचा अर्ज हातभर अंतरावरच्या दुसऱ्या टेबलावर पोचण्यास किती काळ लागतो, याची वाच्यता करण्याचे कारण नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगणे नलगे, आणि ज्यांना ठाऊक नाही ते बहुधा त्या दोन टेबलांपैकी एकाच्या मागे बसलेले असतात.

दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने, खोडदचे हे रेडिओ दुर्बिणीचे केंद्र सर्वांस खुले होते. आजूबाजूच्या शाळांच्या सहली लोटतात, प्रदर्शने मांडली जातात, आणि त्या गर्दीत एखादे तरी पागोटे असे असते की ज्याखालून, ‘एवढी मोठी दुर्बीण हाय खरी, पण डोळा कुठं लावायचा?’ हा प्रश्न आल्यावाचून राहत नाही. प्रश्न रास्त आहे. या दुर्बिणीला डोळा लावण्याची सोय नाही. तिला बोटे लावावी लागतात. नियंत्रण कक्षात बसलेला मनुष्य कळफलकावर आज्ञा लिहितो, त्या आज्ञा प्रकाशतंतूंवरून मार्गस्थ होतात, आणि ज्यांच्यातील सर्वांत दूरच्या दोघींत पंचवीस किलोमीटरचे अंतर आहे अशा त्या तबकड्या, पायथ्याच्या संगणकाला हुकूम मिळताच, आपापली तोंडे एकाच नक्षत्राकडे वळवितात. जमलेला समुदाय स्वाभाविकपणे तबकड्यांकडे पाहतो. आमचे कुतूहल मात्र त्या लिहिणाऱ्या बोटांपाशीच घोटाळत राहते; कारण बोटाने बटण दाबणे आणि यंत्राने ते ऐकणे या दोन घटना एकच आहेत असा जो सार्वत्रिक समज आहे, तो संपूर्णपणे निराधार आहे. त्या दोहोंच्या मधे एक कारकून बसलेला असतो.

तहसील कचेरीत किंवा पोलीस ठाण्यात ज्यांचा पाय कधी पडला आहे, त्यांना बारनिशी म्हणजे काय हे ठाऊक असेल. येणारा प्रत्येक कागद आवक वहीत नोंदवून, त्यावर क्रमांक टाकून आत पाठविणे, आणि आतून आलेला प्रत्येक कागद जावक वहीत नोंदवून बाहेर रवाना करणे, हे बारनिशीचे काम. साहेबांची गाठ पडणे न पडणे हा नशिबाचा भाग. बारनिशीच्या कारकुनाची गाठ चुकत नाही. युनिक्स आणि तिच्या वंशातील लिनक्ससारख्या संगणक-प्रणालींच्या गाभ्यात अगदी याच हुद्द्याचा एक इसम नेमलेला असून, त्याचे दप्तरी नाव ‘लाइन डिसिप्लिन’ असे आहे. तुम्ही ‘ख’ दाबलात की तो ‘ख’ कोणाही साहेबांपुढे, म्हणजे आज्ञावलीपुढे, जात नाही. तो कारकुनाच्या टेबलावर पडून राहतो. तुम्ही ओळ पूर्ण करून एंटरचे बटण दाबीपर्यंत कारकून तुमची अक्षरे एकाखाली एक साठवितो, मधेच तुम्ही काही खोडलेत तर मुकाट्याने खोडतो, आणि ओळ पक्की झाल्यावरच ती आत देतो. अर्ज दाखल होण्यापूर्वी त्यात हवी तितकी खाडाखोड करू देणारा, आणि त्या खाडाखोडीबद्दल कपाळाला आठी न घालणारा दुसरा कारकून आमच्या पाहण्यात नाही.

या कारकुनाची नेमणूक का करावी लागली, हे समजण्यासाठी ज्या काळी तो नव्हता त्या काळाकडे दृष्टी टाकली पाहिजे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (खोडदची दुर्बीण याच संस्थेच्या कुटुंबातली) १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा प्रचंड संगणक आला, तेव्हा त्याच्याशी बोलावयाचे म्हणजे आपले म्हणणे छिद्रित कार्डांवर टोचून त्यांचा गठ्ठा खिडकीत द्यावयाचा आणि उत्तराच्या कागदासाठी पुन्हा यावयाचे, असा शिरस्ता होता. देशाच्या कानाकोपऱ्यांतून संशोधक असे गठ्ठे घेऊन येत. एक स्वल्पविराम चुकला तर दुसऱ्या दिवशी नवा गठ्ठा. या पद्धतीत संभाषण नव्हते, केवळ पत्रव्यवहार होता; आणि ज्यांना त्यात काही वावगे वाटत नव्हते त्यांचे सरकारी नोकरीत पुढे फार चांगले झाले असावे.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो यांनी १९६१ मध्ये अशी व्यवस्था करून दाखविली की एकाच संगणकाशी अनेक माणसांनी एकाच वेळी, आपापल्या टंकयंत्रावरून, समोरासमोर बोलावे. संगणक एक आणि बोलणारे अनेक, असे झाले की गाठ घेण्याचा शिस्तबद्ध मार्ग लागतो. म्हणजेच बारनिशी लागते. त्यातून बोलणारी यंत्रेही संगणकासाठी घडविलेली नव्हती, ती तारखात्याच्या दुनियेतून उचललेली होती. १९६३ मध्ये बाजारात आलेले टेलिटाइप कंपनीचे ३३ क्रमांकाचे यंत्र हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. त्याला पडदा नव्हता, कागदाचे भेंडोळे होते. ते सेकंदाला दहा अक्षरे छापी, आणि रोमन लिपीतील मोठी अक्षरेच तेवढी जाणे. आर्वीच्या तबकडीवरून ज्या टेलेक्स यंत्रांचा खडखडाट परदेशी जात असे, त्यांचेच हे भाऊबंद. १९६९ पासून बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स घडविली ती असल्याच यंत्रांपुढे बसून. आणि तिच्यातील आज्ञांची नावे दोन-दोन, तीन-तीन अक्षरांत का आटोपली, याचे उत्तर ज्याने सेकंदाला दहा अक्षरांच्या वेगाने एक पानभर मजकूर छापून होण्याची वाट पाहिली असेल त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

आता कागदावर शाईने उमटलेले अक्षर पुसता येत नाही, ही अडचण पेशव्यांच्या चिटणिसांपासून सर्वांना परिचित आहे. चिटणीस त्यावर हरताळ फासत. युनिक्सच्या कारकुनाने दुसरा तोडगा काढला. शेवटचे अक्षर रद्द करावयाचे असेल तर हॅशचे चिन्ह लिहावे, आणि सबंध ओळच रद्द करावयाची असेल तर ॲटचे चिन्ह लिहावे, असा त्याचा नियम होता. म्हणजे एखाद्याने ‘खोडत#द’ असे लिहिले तर कागदावर ते तसेच्या तसे दिसे, परंतु कारकून आत कळवी ते ‘खोडद’ इतकेच. (खोडदचे नाव खोडूनच शुद्ध व्हावे, हा योगायोग आम्ही मुद्दाम घडवून आणला आहे, हे चतुर वाचकांच्या ध्यानी आलेच असेल.) ॲटचे चिन्ह पुढे जगातील प्रत्येक ईमेल पत्त्याच्या मध्यभागी जाऊन बसले, जुन्या नियमाने कोणी आपला पत्ता लिहू गेला असता तर ॲट येताच त्याचे नाव ठार पुसले जाऊन केवळ कंपनीचे नाव शिल्लक राहिले असते, आणि कित्येक नोकरदारांच्या बाबतीत ते वस्तुस्थितीला धरूनच झाले असते.

मात्र या कारकुनाचे सर्वांत मोठे कसब निराळेच आहे, आणि ते इतके बेमालूम आहे की वर्षानुवर्षे संगणकापुढे बसणाऱ्यांनाही त्याचा पत्ता नसतो. तुम्ही बटण दाबता आणि पडद्यावर अक्षर दिसते. तुम्हांस वाटते की तुम्ही पडद्यावर लिहिलेत. तुम्ही काहीही लिहिलेले नसते. बटणापासून पडद्याकडे जाणारी वाट नाहीच. अक्षर आत कारकुनाकडे जाते, तो त्याची नोंद घेतो, आणि मग सौजन्याने त्याची एक नक्कल पडद्याकडे पाठवितो. जे दिसते ते तुमचे हस्ताक्षर नसून कारकुनाने दिलेली नक्कल असते, आणि नक्कल देणे न देणे सर्वस्वी त्याच्या हाती असते. पासवर्ड लिहिताना पडद्यावर काहीच उमटत नाही तेव्हा कळफलक बिघडला अशी खात्री होऊन लोक तोच पासवर्ड दुप्पट जोराने दाबू लागतात. वास्तविक त्या वेळी कारकुनाला वरून नक्कल थांबविण्याचा हुकूम झालेला असतो, आणि तो तुमचे प्रत्येक अक्षर, जोराने दाबलेलेसुद्धा, इमानाने टिपत असतो. ज्या जुन्या यंत्रांत बटण दाबताच कागदावर छाप उठे आणि नक्कल अडविण्याची सोय नसे, तेथे संगणक अगोदर एकावर एक अक्षरे छापून काळाकुट्ट पट्टा तयार करी आणि त्यावर पासवर्ड लिहावयास सांगे. गुप्ततेसाठी आधी शाई सांडून ठेवावी आणि मग त्यावर सही घ्यावी, ही युक्ती आमच्या परिचयाच्या एकाही दप्तराला सुचलेली दिसत नाही. तेथे सही झाल्यानंतर शाई सांडते.

मनुष्य सेवानिवृत्त होतो, शिरस्ता होत नाही. टेलिटाइपचा छपाईचा भाग उजव्या कडेस पोचल्यावर त्याला डाव्या कडेस आणणे ही एक आज्ञा, आणि कागद एका ओळीने वर सरकविणे ही दुसरी. परत येण्याच्या त्या प्रवासास सेकंदाच्या दहाव्या भागाहून अधिक वेळ लागे, म्हणून कारकुनाला पुढचे अक्षर पाठविण्यापूर्वी किंचित थांबावे लागे. किती थांबावे याची कोष्टके त्याच्या नियमपुस्तकात होती. तो छपाईचा भाग भंगारात गेला, कागदाची जागा काचेने घेतली, काचेवर कोणाला कोठून परत यावयाचे नसते. तरी नियमपुस्तकातील त्या विलंबाची कलमे आजही कायम आहेत. युनिक्स आपल्या फायलींत ओळीच्या शेवटी दुसरी आज्ञा तेवढी लिहिते, आणि पहिली आज्ञा कारकून जावक नोंदवताना स्वतःच्या अखत्यारीत जोडून देतो. त्याला रजा दिली तर प्रत्येक ओळ आधीची जेथे संपली तेथूनच खाली सुरू होते, आणि सबंध मजकूर पायऱ्यापायऱ्यांनी उतरत पडद्याबाहेर चालता होतो. मायक्रोसॉफ्टच्या घराण्याने दोन्ही आज्ञा फायलीतच लिहून ठेवण्याचा पंथ स्वीकारला. दोन पंथांतील हा वाद शैव-वैष्णवांच्या वादाइतका जुना नसला तरी तितकाच निष्फळ आहे.

असली स्मारके या दप्तरात पावलोपावली आहेत. जुन्या युनिक्सवर आपले नाव मोठ्या रोमन अक्षरांत लिहून प्रवेश मागितला तर कारकून असा ग्रह करून घेई की समोरच्या बिचाऱ्याच्या यंत्रात लहान अक्षरेच नाहीत, आणि त्यानंतर तोही त्याच्याशी केवळ मोठ्या अक्षरांत बोले. ऐकू कमी येणाऱ्या सासऱ्याशी सबंध घर ओरडून बोलू लागावे, तशातलाच हा प्रकार. कागदी पट्टीवर चुकलेले अक्षर रद्द करण्यासाठी त्या ओळीतील सातही छिद्रे पाडून टाकीत, म्हणून ‘डिलीट’ या वर्णाचा क्रमांक आजही १२७, म्हणजे सातही जागा भरलेल्या. कंट्रोल आणि एस ही बटणे एकत्र दाबली की टेलिटाइपचा पट्टीवाचक थांबे. आज एखादा तरुण, लिहिलेले जतन करण्याच्या सवयीने, नेमकी तीच बटणे दाबतो, कारकून तत्काळ जावक बंद करतो, पडदा गोठतो, आणि तरुण यंत्राला, प्रणालीला व शेवटी आपल्या कॉलेजला दोष देऊन ती खिडकी बंद करतो. कंट्रोल आणि क्यू दाबले असते तर दप्तर पुन्हा सुरू झाले असते. पण खिडकी बंद केली रे केली की कारकून आत सर्वांस वर्दी देतो, ती अशी, की गिऱ्हाईकाने टेलिफोन खाली ठेवला. आणि ही वर्दी ऐकताच त्या गिऱ्हाईकाची चालू असलेली सर्व कामे प्राण सोडतात. टेलिफोनच्या तारेवरून संगणकाशी बोलण्याच्या काळात हा नियम योग्यच होता. आमच्याकडे लाईट जाणे हा ऋतुमानाचा भाग असल्याने, दूरच्या संगणकावर रात्रभराचे गणित लावून निजलेल्या इथल्या विद्यार्थ्यांना या वर्दीचे मर्म इतर प्रांतीयांपेक्षा लवकर कळते, आणि टेलिफोन खाली ठेवला तरी काम थांबवू नये असा अर्ज आगाऊ करून ठेवण्यास ते शिकतात. तशी आज्ञा आहे. तिचे नाव ‘नोहप’.

पडद्याची यंत्रे आली तेव्हा प्रत्येक कारखानदाराने अक्षर कोठे उमटवावे, पडदा कसा पुसावा याच्या सांकेतिक आज्ञा आपापल्या मर्जीने ठरविल्या. बर्कलीच्या बिल जॉय यांना आपला मजकूर-संपादक सर्वांवर चालविण्यासाठी या सर्व यंत्रांच्या लहरींची एक सूची करावी लागली. १९७८ मध्ये आलेले डिजिटल कंपनीचे व्हीटी-१०० हे यंत्र इतके लोकप्रिय झाले की बाकीच्यांनी निमूटपणे त्याचीच बोली उचलली. ते यंत्रही आज कोठे नाही. तुमच्या पडद्यावरची काळी खिडकी हे त्याचे सोंग आहे. एक साधी आज्ञावली कारकुनासमोर उभी राहून आपण तारेने जोडलेले यंत्र आहोत असे बेधडक सांगते, आणि कारकूनही, डोळे मिटून, तिच्या नावापुढे सेकंदाला ३८,४०० बिट हा कल्पित वेग नोंदवितो. त्या खिडकीला तार नाही, वेग नाही, मशीन नाही. तरी दप्तरी तिची ओळख अजून ‘टीटीवाय’, म्हणजे टेलिटाइप, हीच आहे. परमुलखातील वाचकांना हे विसंगत वाटेल. आम्हांस वाटत नाही. शेजारच्या तालुक्याचे नाव आंबेगाव. ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले, तालुक्याची कचेरी घोडेगावला आहे, आणि प्रत्येक सातबाऱ्यावर तालुका म्हणून नाव बुडालेल्या गावाचेच छापून येते.

हा कारकून तत्पर आहे, निर्लोभ आहे, त्याच्या टेबलाखाली काही सरकवावे लागत नाही. कोणाला तो मधे नकोच असेल तर ‘रॉ मोड’ नावाची व्यवस्था आहे, तीत प्रत्येक बटण थेट आत जाते. मजकूर-संपादक आणि आजकालचे शेल (म्हणजे आपल्या आज्ञा ऐकून घेणाऱ्या आज्ञावल्या) हे ती किंवा तिच्या जवळपासची व्यवस्था पत्करून आपला खाजगी चिटणीस पदरी बाळगतात. एक उणीव मात्र आहे. त्याला मराठी येत नाही.

‘जुन्नर’ हा शब्द आपण तीन अक्षरांचा समजतो. युनिकोडच्या हिशेबाने त्यात सहा वर्ण आहेत: ज, उकार, न, हलन्त, न आणि र, आणि यूटीएफ-८ पद्धतीने प्रत्येकास तीन याप्रमाणे अठरा बाइट. कारकुनाचे शिक्षण एक अक्षर म्हणजे एक बाइट या जमान्यात झाले. त्यामुळे पुष्कळ वर्षे खोडण्याचे बटण एकदा दाबले असता तो ‘र’चा तिसरा हिस्सा खोडी आणि उरलेला दोनतृतीयांश ‘र’ आत पाठवून देई. २००४ मध्ये लिनक्समध्ये त्याला नवे कलम शिकविण्यात आले, तेव्हापासून तो निदान एक वर्ण अखंड खोडतो. पण प्रत्येक वर्ण पडद्यावर एक घर अडवितो ही त्याची श्रद्धा अढळ आहे. ‘जुन्नर’ बहुतेक पडद्यांवर चार घरे अडवितो, कारण उकार आणि हलन्त यांना स्वतंत्र घर नसते. ‘गावाचे नाव’ विचारणाऱ्या एखाद्या साध्या आज्ञावलीपुढे जुन्नर लिहून सहा वेळा खोडा. कारकून सहा घरे मागे जाईल, जुन्नर संपल्यावरही थांबणार नाही, आणि विचारलेल्या प्रश्नाची दोन घरे पुसून टाकील. उत्तर खोडताना प्रश्नच खोडला जाणे ही गोष्ट कचेऱ्यांत अपूर्व नाही. परंतु तेथे ती हेतुपुरस्सर घडते. त्यातच ओळीची मर्यादा ४,०९६ बाइटांची असल्याने इंग्रजाला जेथे चार हजारांवर अक्षरे लिहिता येतात तेथे मराठी माणसाला जेमतेम तेराशे पासष्ट वर्ण मिळतात, त्यापलीकडचे तो बिनतक्रार फेकून देतो. आमच्यासारख्या, वाक्य एकदा सुरू केले की ते संपविण्याची घाई नसलेल्या लेखकाला हा सरळ अन्याय आहे.

बरे, मराठी अक्षराचे माप सांभाळणे अशक्यच आहे असेही नाही. आयआयटी कानपूरला जन्मलेले आणि पुण्याच्या सी-डॅकने वाढविलेले जिस्ट कार्ड संगणकात बसविले की डॉसच्या त्या दरिद्री पडद्यावरही जोडाक्षरे व वेलांट्या जागच्या जागी बसत. आणि भारतीय लिप्यांचे इस्की हे प्रमाण १९९१ मध्ये पक्के झाले. म्हणजे अक्षराची खरी मापे आपल्याच जिल्ह्यात ठाऊक होती, ती गाभ्यातल्या कारकुनाच्या टेबलापर्यंत पोचली नाहीत एवढेच.

जुन्नर आणि आंबेगावच्या ज्या मुलामुलींनी अभियांत्रिकीला प्रवेश घेतला आहे त्यांना म्हणूनच विनंती अशी, की या कारकुनाचे दप्तर बंदिस्त नाही. लिनक्सच्या मूळ संहितेत ‘एन टीटीवाय’ नावाची एक फाईल आहे, त्यात ‘इरेझर’ नावाचे एक लहानसे कलम आहे, आणि ती फाईल वाचण्यास ना अर्ज लागतो, ना नक्कल फी. दुरुस्ती सुचविण्याचा हक्कही कोणासही आहे. सुचवा. छाननी कडक असते, उलट टपाली बोलणी खावी लागतात, आणि कित्येक प्रस्ताव फेटाळले जातात. पण आवक क्रमांक मिळतोच, आणि उत्तर देणारा माणूस फाईल वाचून उत्तर देतो.